कुंडई साइट: फायबरची रिंग आणि स्पॅनिंग ट्री, कामाच्या नोंदी

५ जून

कुंडई औद्योगिक वसाहतीतली एक पॅकेजिंगची फॅक्टरी, नाव इथे घालत नाही. आज सर्व्हे झाला. चार जागा आहेत: ऑफिस, प्रॉडक्शन शेड, गोडाऊन आणि गेटवरची सिक्युरिटी केबिन. ऑफिसातून तिघांना एकेक फायबर, बस. मागच्या पावसाळ्यात गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीने गोडाऊनची फायबर उचकटली आणि डिस्पॅचवाल्यांनी चलनं हाताने लिहिली, तेव्हापासून मालकांनी धरलंय की दुसरा रस्ता पाहिजे म्हणजे पाहिजे. तर शेड ते गोडाऊन नवीन फायबर टाकायची, त्रिकोण पुरा करायचा, एक तुटली तर दुसरीकडून फिरून जाईल.

कागदावर छान दिसतं, पण त्रिकोण म्हणजे लूप. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट फेकून देतात. इथरनेटच्या फ्रेममध्ये असलं काहीच नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम, आली की स्विच ती जिथून आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे सोडतो, पुढचा स्विच पण तेच करतो, त्रिकोणात ती दोन्ही दिशांनी फिरत राहते आणि तिला मारणारं कोणी नाही. एक एआरपी (अमुक आयपी कोणाचा, असं सगळ्यांना विचारणारी ब्रॉडकास्ट) पुरते. गिगाबिट लाइनवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ पर्यंत जाऊ शकतात, आणि ब्रॉडकास्ट असल्यामुळे प्रत्येक पीसीला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला ती उघडून बघावीच लागते, म्हणजे लाइन भरते ती भरते आणि मशीनं पण गुदमरतात.

म्हणून ह्या कामात फायबर अर्धी आणि स्पॅनिंग ट्री अर्धा, म्हणजे स्विच आपसात बोलून एखादा पोर्ट बंद ठेवतात आणि लूप मोडतात ती पद्धत. मेंटेनन्सचे मामा म्हणाले, "ते स्विचमध्ये आधीच असतंय ना रे?" असतं, चालू पण असतं. फक्त कोणाला रूट (ट्रीचं मूळ, मुख्य स्विच) करायचं आणि कुठला पोर्ट बंद ठेवायचा हे आपण ठरवलं नाही तर स्विच आपसात ठरवतात, आणि त्यांची निवडणूक कशावर होते ते बघितलं की झोप उडते.

अजून एक तक्रार कानावर आली. नेट मधेच जातं आणि थोड्या वेळाने आपोआप येतं. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, "साहेबांची मीटिंग असली की इनव्हॉइस निघत नाही." सगळे हसले. मी लिहून घेतलं.

९ जून

आज आमच्या डोळ्यांदेखत गेलं. रॅकसमोर उभे होतो आणि एकदम सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात लुकलुकायला लागले. हे एकदा बघितलेला माणूस परत विसरत नाही, नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक दिव्याची आपली वेगळी चाल असते, स्टॉर्ममध्ये, म्हणजे ब्रॉडकास्टच्या पुरात, सगळे एकसाथ. एसएसएच (नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरायची सोय) उघडेना, स्विचला स्वतःला पिंग (आहेस का, अशी हाक) जाईना. गेटवरून सिक्युरिटीवाल्याचा फोन, "नेट ना रे, कितें जालें?" अशा वेळी कन्सोल केबलच कामाला येते, ९६०० बॉडवर रडत रडत का होईना पण स्विच बोलतो. सीपीयू ९९ टक्के, आणि लॉगमध्ये एकच रड, अमुक मॅक अॅड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) पोर्ट १७ वर दिसला, आता १८ वर, परत १७ वर.

दोन्ही पोर्ट कॉन्फरन्स रूमचे. वर गेलो तर मीटिंग चालू. टेबल पुढे ओढलेलं, आयपी फोन टेबलावर. फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीच्या सॉकेटला, दुसरा पीसीला देण्यासाठी, कारण फोनच्या आत छोटा स्विचच असतो. कोणीतरी मोकळी वायर लोंबताना बघून ती शेजारच्या सॉकेटमध्ये घातलेली. मीटिंग संपली की टेबल मागे जातं, वायर निघते, नेट येतं. म्हणजे अकाउंट्सच्या बाईंचं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

आता खरा प्रश्न असा की स्पॅनिंग ट्रीने हे थांबवायला पाहिजे होतं. स्विच दर २ सेकंदांनी प्रत्येक पोर्टवरून बीपीडीयू नावाची छोटी फ्रेम सोडतो, ०१-८०-सी२-००-००-०० ह्या ठरलेल्या पत्त्यावर. स्वतःचीच बीपीडीयू स्वतःच्या दुसऱ्या पोर्टवर परत आली की त्याला कळतं हे दोन्ही पोर्ट बाहेर कुठेतरी जुळलेत, आणि तो एक बंद करतो. इतकं सोपं. मग का नाही केला? कॉन्फिग उघडली तर प्रत्येक अॅक्सेस पोर्टवर (जिथे पीसी-फोन लागतात) बीपीडीयू फिल्टर. हा फिल्टर पोर्टवर लावला की स्विच तिथून बीपीडीयू पाठवत पण नाही आणि आलेली बघत पण नाही, म्हणजे त्या पोर्टापुरता स्पॅनिंग ट्री मेलाच. आधीच्या व्हेंडरचं काम. माझा अंदाज असा की कधीतरी बीपीडीयू गार्डने (बीपीडीयू आली की पोर्ट बंद करणारी सेटिंग) पोर्ट पाडला असणार, इकडून ओरडा झाला असणार, आणि ओरडा परत नको म्हणून त्यांनी सरसकट फिल्टर मारला. हे बऱ्याच साइटवर बघितलंय.

इथून पुढचं सगळं काम एक गोष्ट डोक्यात धरून करायचं ठरवलंय. स्पॅनिंग ट्रीला शांततेची भीती वाटत नाही. रात्रपाळीच्या वॉचमनची शिटी ऐकू आली नाही तर आपण म्हणतो झोपला वाटतं, स्पॅनिंग ट्री म्हणतो पलीकडे कोणी राहतच नाही, आणि फाटक सताड उघडतो. पोर्ट बंद राहण्यासाठी त्याला सतत बीपीडीयू ऐकू येत राहायला पाहिजेत. म्हणजे ह्या साइटवर बीपीडीयू खाणारं जे जे काही आहे ते हुडकून काढणं हेच काम.

१३ जून

रूट कोण आहे बघितलं. गेटवरच्या केबिनमधला, कोळ्यांनी जाळी विणलेला, सगळ्यात जुना छोटा स्विच. अख्ख्या फॅक्टरीचा राजा तो!

कारण साधं. प्रत्येक स्विचचा एक ब्रिज आयडी असतो, आधी प्रायॉरिटी, मग मॅक अॅड्रेस, आणि सगळ्यात लहान आयडीवाला रूट होतो. प्रायॉरिटी कोणी हात लावला नाही तर सगळ्यांची ३२७६८, मग निकाल मॅकवर लागतो, आणि कंपन्या मॅकचे नंबर साधारण चढत्या क्रमाने वापरत जातात त्यामुळे एकाच कंपनीचे स्विच असले की बहुतेक वेळा म्हातारा जिंकतो. लायकी, स्पीड, यूपीएस आहे की नाही, काही बघत नाहीत.

आत्ताच्या घडीला ह्याने काही बिघडत नाही, स्टार आहे, बंद करायला पोर्टच नाही. पण रिंग घातली की बिघडेल. केबिनला यूपीएस नाही, पावसात लाइट जातेच, लाइट गेली की रूट मेला, नवीन निवडणूक. मॅकच्या क्रमात दुसरा नंबर गोडाऊनच्या स्विचचा आहे, तो रूट झाला की शेडचा सगळा ट्रॅफिक गोडाऊन फिरून ऑफिसला येणार, ऑफिस ते शेडची सरळ फायबर रिकामी बसणार. लाइट आली की परत उलटं. प्रत्येक फेऱ्यात बंद पोर्टाची जागा बदलणार आणि जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत प्रत्येक बदल म्हणजे अर्धा मिनिट सगळं ठप्प. केबिनमधल्या पंख्याच्या बोर्डवर फॅक्टरीचं नेटवर्क लटकलेलं.

ज्युनियरने विचारलं, "दादा, प्रायॉरिटी ५००० टाकू?" स्विच घेणार नाही. १६ बिटांतले वरचे ४ प्रायॉरिटीचे आणि खालचे १२ व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) नंबरचे, म्हणून ४०९६ च्या पटीतच द्यावी लागते.

१७ जून

फोंड्याच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर तीन स्विचचा त्रिकोण लावून बघितला. साइटवर प्रयोग नको, तिथे मशीनं चालू असतात.

जुन्या मोडमध्ये चालू केबल ओढली की पिंग गेला तो गेला. १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग, मग फॉरवर्डिंग. आणि बिघाड स्वतःच्या केबलमध्ये नसून पलीकडे कुठे असेल तर आधी जुनी माहिती शिळी होण्याची २० सेकंदं वाट बघायची, म्हणजे ५० पर्यंत. आज हे आकडे विनोदी वाटतात, पण मूळ कल्पना १९८५ ची आहे, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन बाईंनी काढलेली, कोणीही कसेही ब्रिज जोडले तरी आपोआप एकच रस्ता उरला पाहिजे, सेटिंग काही न करता. १९९० मध्ये आयईईईने त्याचं ८०२.१डी हे स्टँडर्ड केलं. त्या काळात अर्ध्या मिनिटाने कोणाचं काही अडत नव्हतं. आणि "सेटिंग काही न करता" हे त्यांनी इतकं चांगलं जमवलं की आज चाळीस वर्षांनी पण लोक खरंच काही सेटिंग करत नाहीत!

रॅपिडवाला स्पॅनिंग ट्री, ८०२.१डब्ल्यू, २००१ चा. त्यात स्विच टायमरवर बसून राहत नाहीत, समोरासमोर बोलून घेतात, मी उघडू का, उघड. शिवाय बंद पोर्टाला आधीच माहीत असतं की तो मुख्य रस्त्याला पर्याय आहे, त्यामुळे मुख्य गेला की तो लगेच उभा. टेबलावर केबल ओढली तर एखादा पिंग गेला, कधी तोही नाही. २००४ च्या ८०२.१डी मध्ये जुना प्रकार काढूनच टाकला, तरी नवीन डब्यातून काढलेला स्विच जुन्या मोडवर मिळतो कधीकधी, त्यामुळे बघून घ्यायचं.

पण रॅपिडची एक खोड आहे जी साइटवर गेल्यावरच कळते. वरच्या स्विचने "उघडू का" विचारलं की खालचा स्विच हो म्हणण्याआधी स्वतःचे बाकीचे सगळे पोर्ट क्षणभर बंद करतो, खाली लूप नाही ह्याची खात्री म्हणून. खाली दुसरा रॅपिड स्विच असेल तर तो पण हो म्हणतो आणि काम भागतं. पीसीला काय कळतंय? तो गप्प. मग तो पोर्ट जुन्या चालीने ३० सेकंदं घेतो. म्हणजे फायबर अर्ध्या सेकंदात फिरली आणि माणसं अर्धा मिनिट लटकली, आणि वर म्हणतात तुमचा रॅपिड काही रॅपिड नाही. इलाज एकच, पीसी, प्रिंटर, कॅमेरा, फोन असलेले सगळे पोर्ट एज म्हणून जाहीर करायचे, काही कंपन्या त्याला पोर्टफास्ट म्हणतात. एज पोर्ट त्या बंद करण्याच्या भानगडीत येत नाही, आणि सकाळी पीसी चालू केल्यावर डीएचसीपीला (आयपी पत्ता मिळायला) ताटकळावं लागत नाही हा वरचा फायदा.

२५ जून

ज्युनियर काल सांजांवात (गोव्यातला सेंट जॉनचा सण) विहिरीत उड्या मारून आलाय, घसा बसलाय, आज त्याच्याकडून फक्त माना हलवून कामं. तरी चर खणणाऱ्यांपेक्षा बरा. शेड आणि गोडाऊनच्या मधे वरती माती हातभर, खाली सगळा जांभा, ब्रेकर लावल्याशिवाय सरकत नाही आणि पाऊस पडला की चराचा लाल ओहोळ होतो. फायबर एचडीपीई पाइपात घालूनच टाकतोय, जेसीबीचा अनुभव सगळ्यांना आहे.

बसल्या बसल्या कागदावर ट्री काढला. ऑफिस ४०९६, शेड ८१९२, गोडाऊन ३२७६८, गेट ६१४४०, म्हणजे गेटचं राज्य संपलं. शेड दोन नंबर अशासाठी की ऑफिसचा स्विच मेला तर शेडला यूपीएस पण आहे आणि जनरेटर पण. शिवाय ऑफिसच्या गेटकडे जाणाऱ्या पोर्टवर रूट गार्ड, म्हणजे तिकडून कोणी "मी राजा" म्हणत आला तर तो पोर्टच बंद.

आता बंद कुठला पोर्ट पडेल? तिन्ही लिंक गिगाबिट, सारख्या किमतीच्या (पैसे नव्हेत, रस्ता किती लांब ह्याचा स्पॅनिंग ट्रीचा आकडा). गोडाऊनला ऑफिस सरळ जवळ, शेडमधून दुप्पट लांब, म्हणून दोघंही सरळ रस्ता धरतात आणि मधली शेड ते गोडाऊन लिंक उरते. तिच्या एका टोकाला कुलूप लागणार. दोघांचं रूटपासूनचं अंतर सारखं, मग निकाल ब्रिज आयडीवर, शेडचा लहान, म्हणून शेडचं टोक चालू आणि गोडाऊनचं बंद. मला हेच पाहिजे.

टेबलावर लावून बघितलं तर बंद पडलं शेडचं टोक. शोधल्यावर सापडलं की गोडाऊनचा स्विच दुसऱ्या कंपनीचा, तो जुन्या छोट्या आकड्यांत किंमत मोजतो, गिगाबिटला ४, शंभर एमबीला १९. बाकी दोघं नव्या लांब आकड्यांत, गिगाबिटला २०,०००. म्हणजे गोडाऊन सांगतो मी रूटपासून ४ वर, शेड सांगतो मी २०,००० वर, अर्थात गोडाऊन जिंकला. ह्या त्रिकोणात फक्त टोक बदललं, पण पाचसहा स्विचच्या जाळ्यात दोन प्रकारचे आकडे एकत्र आले तर ट्रॅफिक कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. सगळ्यांना लांब मोजमापावर आणलं, टोक जागेवर आलं.

४ जुलै

स्प्लायसिंग ताडपत्रीखाली झालं, ओटीडीआरवर (फायबर तपासायचं यंत्र) लाइन स्वच्छ. पण पर्चेसने नवीन लिंकसाठी एसएफपीच्या (स्विचमध्येच बसणारा फायबरचा मॉड्यूल) जागी मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं तांब्याच्या केबलवर आणणारे वेगळे डबे) आणून ठेवलेत, स्वस्त पडले म्हणून. मी लेखी कळवलंय की हे ह्या लिंकवर नकोत, कारण टेस्ट करून दाखवतो. तोपर्यंत आहेत तेच लावतो.

११ जुलै

दुसरी शिफ्ट सुटल्यावर रिंग चालू केली. ऑफिस ते गोडाऊनची फायबर ओढली, एक पिंग गेला, गोडाऊनचा बंद पोर्ट उघडला, कॅमेऱ्यांचं चित्र हललं पण नाही. परत लावली, परत जागेवर. मालक स्वतः आले होते, त्यांना अजून एकदा ओढून दाखवायला लागली. गेटचा मेन बंद केला तर कोणाला काही कळलं पण नाही, आणि तेच हवं होतं. गेटचा स्विच फक्त जुनी भाषा बोलतो त्यामुळे त्या एका पोर्टवर ऑफिसचा स्विच आपोआप जुन्या मोडवर उतरतो, बाकीचे रॅपिडच राहतात.

१४ जुलै

आज कडा. सगळ्या अॅक्सेस पोर्टवरचा फिल्टर काढला, एज केले, बीपीडीयू गार्ड लावला. एज पोर्टवर बीपीडीयू आली म्हणजे तिथे पीसी नाही, स्विच आहे किंवा लूप आहे, दोन्ही नकोत, गार्ड पोर्ट पाडतो. कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन तीच वायर त्याच सॉकेटात मुद्दाम घातली, फोनने बीपीडीयू पलीकडे जाऊ दिली, पोर्ट लगेच पडला, बाकी कोणाला पत्ता नाही. ३०० सेकंदांनी पोर्ट स्वतः परत प्रयत्न करेल असं ठेवलंय. काहींना हे आवडत नाही, म्हणतात माणसाने जाऊनच उघडावा. माझं म्हणणं, वायर अजून तशीच असेल तर गार्ड परत पाडेल, नसेल तर पोर्ट चालू होईल आणि मला फोन येणार नाही. ह्याच फोनच्या भीतीने आधीच्यांनी फिल्टर मारला होता.

पॅकिंग सेक्शनमध्ये टेबलांखाली छोटे पाच पोर्टचे अनमॅनेज्ड (काही सेटिंग करता न येणारे) स्विच निघाले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्यातला एक उचलून त्याच्याच दोन पोर्टमध्ये पॅच कॉर्ड घातली. आमची बीपीडीयू आत गेली, फिरून बाहेर आली, गार्डने पोर्ट पाडला, उत्तम. दुसरा उचलला, तेच केलं, आणि स्टॉर्म! हा बीपीडीयू गिळतो. त्याची पण बाजू आहे म्हणा, तो पत्ता राखीव आहे, स्टँडर्ड पाळणाऱ्या ब्रिजने ती फ्रेम पुढे द्यायचीच नसते, स्वतः समजून घ्यायची असते. ह्या बिचाऱ्याला समजत काही नाही आणि पुढेही देत नाही. म्हणजे आमच्या स्विचला पलीकडे शांतता, आणि शांतता म्हणजे मोकळं.

अशा ठिकाणी स्पॅनिंग ट्री आंधळा, दोनच गोष्टी चालतात. एक, स्विच कंपनीचं स्वतःचं लूप डिटेक्शन, ते साध्या फ्रेम सोडतं आणि परत आल्या की पोर्ट बंद करतं, त्या फ्रेम हा डबा गिळत नाही. दोन, स्टॉर्म कंट्रोल, ब्रॉडकास्ट लाइनच्या १ टक्क्यावर गेली की कापायची. दोन्ही लावले. पीएलसीच्या (मशीन चालवणारे कंट्रोलर) पोर्टवर मल्टिकास्टची (ठरावीक गटासाठीच्या फ्रेमची) मर्यादा मात्र नाही लावली, काही कंट्रोलर आपसात बोलायला तेच वापरतात आणि मशीन मधेच थांबलं तर शिव्या नेटवर्कवाल्यालाच.

१८ जुलै

मीडिया कन्व्हर्टरची टेस्ट. मामा, पर्चेसचा माणूस आणि ज्युनियर, सगळ्यांना उभं केलं.

फायबर म्हणजे दोन तारा, एक जाण्याची, एक येण्याची. शेडकडून गोडाऊनकडे येणारी तेवढी काढली. ह्या कन्व्हर्टरमध्ये फायबर गेल्याचं तांब्याच्या बाजूला कळवायची सोय नाही, त्यामुळे गोडाऊनच्या स्विचचा दिवा हिरवाच. पण बीपीडीयू यायच्या बंद. तीन हॅलो (दर २ सेकंदांच्या बीपीडीयू) चुकले, ६ सेकंदांत गोडाऊनच्या बंद पोर्टाने ठरवलं पलीकडे कोणी नाही. त्याने "उघडू का" विचारलं, शेडने उत्तर दिलं पण ते पोचणार कसं, ती तार तर माझ्या हातात. उत्तर येत नाही म्हणून त्याने टायमर लावला, ३० सेकंदं मोजली आणि उघडला. आता गोडाऊनमधून शेडकडे जाणारी तार शाबूत आहे! फ्रेम गोडाऊन ते शेड, शेड ते ऑफिस, ऑफिस ते गोडाऊन, एकाच दिशेने गोल. सगळे दिवे एका तालात. तार परत लावली तेव्हा थांबलं.

सगळं नीट सेट केलेलं, रूट बरोबर, प्रायॉरिटी बरोबर, कडा बंद, आणि तरी लूप, कारण जो पोर्ट गप्प बसण्यासाठी ठेवला त्याला वाटलं आपल्याशी कोणी बोलत नाही. रिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा पोर्ट म्हणजे हा बंद असलेला, आणि रोजच्या बघण्यात तोच कोणाच्या नजरेत नसतो कारण त्याच्यावरून काही जातच नाही. त्याची तार अर्धी मेली तरी तक्रार येत नाही.

तीन उपाय ठरले. गोडाऊनच्या दोन्ही अपलिंकवर लूप गार्ड, म्हणजे जिथे बीपीडीयू येत होत्या आणि लिंक चालू असताना अचानक थांबल्या तिथे पोर्ट उघडायचा नाही, संशयित म्हणून अडकवून ठेवायचा, बीपीडीयू परत आल्या की आपोआप सोडायचा. लगेच लावला, तार परत काढली, ह्या वेळी काहीच झालं नाही, नुसती लॉगमध्ये ओळ. दुसरं, शेडच्या स्विचचं फर्मवेअर जुनं आहे ते बदलायचं. रॅपिडच्या सुधारलेल्या रूपात यावर तोड आहे, समोरचा माझ्यापेक्षा हलकी बीपीडीयू देतोय तरी पोर्ट उघडतोय म्हणजे माझं त्याला ऐकू येत नाही असं समजून हा आपलं टोक बंद करतो. ह्या फर्मवेअरला ते येत नव्हतं. तिसरं, कन्व्हर्टर जाऊ दे आणि सरळ एसएफपी येऊ दे. गिगाबिट फायबरवर ऑटो-नेगोशिएशन चालू असलं की एका बाजूला प्रकाश पोचला नाही तर दोन्ही टोकांची लिंक पडते, आणि पडलेली लिंक ही कधीही अर्ध्या जिवंत लिंकपेक्षा बरी.

२२ जुलै

एसएफपीच्या खर्चाला मंजुरी अडली. लूप गार्ड लावला ना, मग अजून कशाला, असं पर्चेसचं म्हणणं. मालकांना बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकोनेस मेडिकल सेंटरची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या हॉस्पिटलचं नेटवर्क चारेक दिवस कोसळत राहिलं, डॉक्टर-नर्स कागदावर आले. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत गेले आणि स्पॅनिंग ट्रीच्या ठरलेल्या टायमरला झेपणारी सात स्विचची लांबी ओलांडून गेले, मग भार आला तेव्हा ट्री सावरेना. त्यांच्या आयटी प्रमुखांनी, जॉन हलामका यांनी, काही न लपवता सगळं जाहीर सांगितलं म्हणून आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे चारच स्विच आहेत, सातचा प्रश्न नाही. पण तिथे पण स्पॅनिंग ट्री चालूच होता, बंद नव्हता, हे मालकांना पटलं. दुपारपर्यंत सही.

५ ऑगस्ट

एसएफपी लागले, फर्मवेअर झालं. परत एक तार काढली, दोन्ही बाजूंची लिंक पडली, ऑफिसला अलर्ट आला. लूप गार्ड ठेवलाच आहे, दोन्ही असू देत.

टोपॉलॉजी चेंजचा आकडा पण बघायला लागलोय. कुठलाही बिगर-एज पोर्ट चालू झाला की तो वाढतो आणि स्विच शिकलेले मॅक पुसून टाकतात, मग परत शिकेपर्यंत सगळं सगळीकडे सोडतात. शांत साइटवर हा आकडा जवळजवळ हलायला नको. इथे रोज वाढत होता. माग काढला तर गेटच्या दिशेने, त्या जुन्या स्विचचे पोर्ट एज करता येत नाहीत, सिक्युरिटीवाला रात्री पीसी बंद करतो, सकाळी चालू करतो, आणि प्रत्येक वेळी पूर्ण फॅक्टरीचे मॅक पुसले जातात. नुकसान फार नाही, पण बघवत नाही.

२१ ऑगस्ट

चवथीच्या आधी हँडओव्हर. रॅकच्या दारावर आतून नकाशा चिकटवलाय: रूट कोण, दुसरा कोण, बंद पोर्ट कुठला, आणि तो बंदच असायला पाहिजे, कोणी 'दुरुस्त' करू नये. गोडाऊनच्या त्या पोर्टला लाल टेप. दर महिन्याला मामांनी बघायच्या दोनच गोष्टी, बंद पोर्टवर बीपीडीयूचा आकडा वाढतोय का आणि टोपॉलॉजी चेंज किती झाले. मामांनी दोन्ही कमांड वहीत उतरवून घेतल्या, एकदा स्वतः चालवून पण बघितल्या. अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं आता मीटिंग असली तरी चालेल ना, म्हटलं दिवसभर असली तरी चालेल.

गेटच्या स्विचचं आणि केबिनच्या छोट्या यूपीएसचं कोटेशन पाठवलंय. संध्याकाळी पर्चेसचं उत्तर आलं, यूपीएस मंजूर, स्विच मात्र अनमॅनेज्ड घेतला तर अर्ध्या किमतीत येतो, चालेल का. नाही म्हणून कळवलं, आणि सोबत १४ जुलैच्या टेस्टचा लॉग जोडला.